‘इतके, की नोंदवता येत नाहीत’ : अफगाण चर्चच्या पास्टोरेट कमिटीला खुले पत्र

प्रति,
पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद,
सेंट जॉन द इव्हँजलिस्ट चर्च ऊर्फ अफगाण चर्च, कुलाबा
आणि मा. बिशपसाहेब, मुंबई डायोसिस, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया

सप्रेम नमस्कार, आणि प्रभूमध्ये सलाम.

मी तुमच्या मंडळीतला नाही. ख्रिस्तीही नाही. शाळेत पस्तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, मूळचा दापोलीचा माणूस आहे. लहानपणी नेव्ही नगरच्या बसमध्ये कंडक्टर ‘अफगाण चर्च’ म्हणून ओरडायचा, तेव्हा वाटायचे की काबूलहून आलेल्या हिंगवाल्या पठाणांनी इथे देऊळ बांधले असावे. पुढे शिक्षक झाल्यावर माझ्या वर्गातल्या पोरांनीही नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून मी पहिल्यांदा तुमच्या दारातून आत आलो, आणि त्यानंतर किती वेळा आलो याची मोजदाद राहिली नाही. एवढ्या येण्याजाण्याच्या हक्काने हे पत्र लिहितो आहे.

विषय एका पाटीचा आहे : अफगाण मोहिमांत पडलेल्या ज्या सैनिकांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले, त्यांच्या लेखाचा, आणि त्यात न आलेल्या नावांचा. पण थेट पाटीवर येत नाही. माझी वाट काचेवरून जाते.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेली दहा-बारा मुले एकदा सकाळी तुमच्या चर्चमध्ये आणली होती. आवारात उभे राहून मी त्यांना टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दिलेले दगडी धिरे, मनोऱ्यावरचा निमुळता सुळका असे एकेक दाखवत होतो. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही रंगीत खिडक्या म्हणालात. या तर काळ्या आहेत.” खरेच होते. बाहेरून बघितले तर तुमच्या खिडक्या म्हणजे शिशाच्या रेघांची काळपट जाळी. आत गेलो, पूर्वेच्या खिडकीतून ऊन वेदीकडे उतरलेले होते, आणि त्याच मुलीने शेजारणीला कोपर मारून म्हटले, “आकाशकंदील उलटा केलाय.”

स्टेन्ड ग्लासचे इतके नेमके वर्णन मला पस्तीस वर्षांत जमले नव्हते. आपल्या कंदिलात दिवा आत आणि बघणारा बाहेर. इथे दिवा बाहेर, बघणारा कंदिलाच्या आत. म्हणून ही काच बघायला आत यावे लागते. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती काहीच सांगत नाही.

मुलांनी शाळेत काळ्या कार्डशीटला खिडक्या कापून मागून पतंगाचा कागद चिकटवलेला असतो. त्यांना वाटते, मोठ्या खिडकीतही काचेवर रंग फासलेला असणार. तसे नसते. बहुतेक काच मुळात रंगाचीच असते. ती वितळलेली असतानाच तिच्यात धातू घालतात. कोबाल्टने ती निळी होते, तांब्याने भट्टीची धग आणि हवा कशी राखली त्याप्रमाणे हिरवी किंवा लाल. लाल तर एवढी गडद, की पूर्ण जाडीची केली तर काळीच दिसेल. म्हणून पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा चढवतात. ब्रशने काढायचे ते चेहरे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या. त्यासाठी लोहाचे भस्म आणि काचेची पूड कालवून रंग करतात आणि तुकडा पुन्हा भट्टीत भाजतात. पिवळ्याची गंमत आणखी वेगळी. चांदीचे क्षार लावून भाजले की ते काचेत मुरतात आणि सोनेरी छटा येते. ‘स्टेन्ड’ हा शब्द काटेकोरपणे पाहिला तर या एकाच क्रियेचा, पण तो सगळ्या खिडकीला चिकटला. मग हे तुकडे दोन्ही बाजूंनी खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांध्यांना झाळून डाग द्यायचा, फटींत लांबी (पुट्टी) भरायची आणि काच-शिशाचा तयार झालेला पत्रा आडव्या सळ्यांना तारेने बांधायचा. चित्रकलेच्या वर्गात आम्ही बाह्यरेषा शेवटी गिरवायला सांगतो. इथे सगळे चित्र बाह्यरेषेनेच धरून ठेवलेले असते.

तुमच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या केल्या विल्यम वेल्स यांनी, इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल गावात. हा माणूस सुरुवातीला वाणी होता. किराणा आणि चहा विकायचा. दुकानामागच्या परसात त्याने छोटी भट्टी घातली, पुढे जर्मनीत जाऊन काच शिकला आणि १८४१ पासून स्वतःच्या कारखान्यात काम काढू लागला. मध्ययुगातली टोकदार कमानींची गॉथिक शैली पुन्हा आणू पाहणारा कट्टर वास्तुकार पुजिन काही वर्षे त्याच्याकडून काच करून घेत होता. मला हे मुलांना सांगायला फार आवडायचे, कारण वर्गात निम्म्या मुलांच्या घरचे छोटे दुकान असायचे. सुएझचा कालवा १८६९ चा. म्हणजे ही काच आफ्रिकेला वळसा घालून, पेंढ्यात गुंडाळून, महिनोन्‌महिने बोटीवर डुलत आली असणार. त्यातले किती तुकडे वाटेत फुटले असतील, या विचाराने माझ्या पोटात अजून गोळा येतो.

वेदीमागची सजावट, जाळीचे आडपडदे, बाके आणि फरशांची नक्षी लंडनच्या विल्यम बटरफील्डची. इमारतीचा आराखडा मात्र इथेच काम करणाऱ्या माणसाचा. हेन्री कॉनीबेअर मुंबईत सरकारी इंजिनिअर होता. विहार तलावाचे पाणी या शहराच्या नळाला आणणारा तोच. ज्या मुंबईकराने कधी चर्चची पायरी चढली नाही तोही कॉनीबेअरचे पाणी प्यायला आहे. त्याने कुर्ल्याचा दगड भिंतींना आणि पोरबंदरचा मऊ, पिवळसर दगड खांब, कमानी व कोरीव कडांना वापरला. आपला कुर्ल्याचा दगड छिन्नीला दाद देत नाही, पोरबंदरी देतो. खाऱ्या वाऱ्यापुढे मात्र दोघांचे नशीब बरोबर उलटे. सरकारने जागा देताना अट घातली होती की इमारत बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसली पाहिजे. १९८ फुटांच्या सुळक्यामागे भक्तीइतकाच हा खलाशी हिशेबही आहे. ४ डिसेंबर १८४७ ला कोनशिला बसली, ७ जानेवारी १८५८ ला बिशप हार्डिंग यांनी चर्चचे पवित्रीकरण केले आणि सुळका पूर्ण व्हायला १० जून १८६५ उजाडला. त्यानंतर महिन्याच्या आत मुंबईचा कापसाचा आणि शेअरचा फुगा फुटला. आणखी थोडे रेंगाळले असते तर आज आपण बोडका मनोरा बघत बसलो असतो. या कामाला कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थाने साडेसात हजार रुपये दिले होते, हेही लक्षात असू द्या. पुढे उपयोगी पडेल.

आता पाटी.

चर्च ज्यांच्या स्मरणार्थ बांधले त्यांचा लेख आत संगमरवरात आहे. वर अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि खाली इंग्रजीत जे लिहिले आहे त्याचा मराठीत अर्थ असा होतो : ज्यांची नावे वर लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची अशी नोंद करणे संख्येमुळे शक्य नाही अशा नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या व साध्या सैनिकांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले. १८३८ ते १८४३ च्या सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत, कर्तव्याचे भान ठेवून, ते आजाराने किंवा तलवारीने पडले.

मी हे मुलांना मराठी करून वाचून दाखवले. एकाने हात वर केला. “सर, इतके म्हणजे किती?” दुसरा म्हणाला, “अरे, भिंत संपली असेल.” सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी येईपर्यंत ते हसू घशात अडकून राहिले. ५० फूट उंचीचे छत असलेल्या इमारतीत भिंत कशी संपेल?

पहिल्या अफगाण युद्धाचे नाव काढले की इतिहासाच्या पुस्तकात १८४२ च्या जानेवारीतली काबूलची माघार येते : बर्फ, खिंडी आणि जलालाबादला एकटा पोचलेला डॉ. ब्रायडन. पण कंपनी सरकारच्या बंगाल, मद्रास, मुंबई अशा वेगवेगळ्या फौजा होत्या, आणि ती मुख्यतः बंगालची फौज होती. मुंबईची फौज सेनापती सर जॉन कीनबरोबर सिंधमार्गे गेली. २३ जुलै १८३९ ला गझनी पडली तेव्हा तिथे मुंबईची १९ वी पलटण होती, पूना हॉर्सचे स्वार होते. १८४० मध्ये बलुचिस्तानच्या कहान किल्ल्यात ५ व्या पलटणीचे शिपाई मारी टोळ्यांच्या वेढ्यात महिनोन्‌महिने तग धरून राहिले. त्या पलटणीला पुढच्याच वर्षी ‘लाइट इन्फंट्री’ हा मान मिळाला, आणि आज तीच मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन आहे, जिला जवान अजून ‘काली पाँचवी’ म्हणतात. १७ फेब्रुवारी १८४३ च्या मियानीच्या लढाईत पहिली ग्रेनेडियर, १२ वी आणि २५ वी अशा मुंबईच्या तीन पलटणी सिंध जिंकणाऱ्या सेनापती नेपियरबरोबर होत्या. लेखात ‘आजाराने’ हा शब्द ‘तलवारीने’च्या आधी आला आहे, आणि तो क्रम बरोबर आहे. उन्हाने, पटकीने, तापाने माणसे लढाईपेक्षा जास्त गेली.

ही माणसे कुठली? मुंबई फौजेची मोठी भरती आमच्या कोकणातून, रत्नागिरीच्या बाजूने व्हायची. मराठे, महार, मुसलमान, भंडारी एकाच कंपनीत असायचे. त्यांच्याबरोबर ‘परदेशी’ म्हणवले जाणारे उत्तर हिंदुस्थानी लोकही होते. माझ्या दापोलीला म्हातारी माणसे अजून ‘कॅम्प’ म्हणतात, कारण तिथे कंपनी सरकारची छावणी होती आणि थकलेल्या शिपायांची पलटण होती. माझ्या घरातले कोणी त्या मोहिमेत होते असा माझा दावा नाही. पण हर्णैच्या किंवा खेडच्या एखाद्या घरात १८४० साली पेन्शनचा किंवा मरणाचा कागद आला असेल, आणि घरात तो वाचता येणारे कोणी नसेल, एवढे समजायला पूर्वज लागत नाही.

मला बोचते ते पुढचे. तुमच्या लेखातल्या ‘साध्या सैनिकां’मध्ये हे शिपाई, नाईक, हवालदार धरले होते की फक्त गोऱ्या पलटणींचे सोल्जर, हे लेखाच्या शब्दांवरून ठरत नाही. म्हणजे कोकणातला शिपाई नोंदवता न येण्याइतक्या संख्येत तरी मोजला गेला की नाही, तेही अधांतरी. मग उंटवाले, भिस्ती, डोलीवाले यांचे नावच नको. पवित्रीकरणाचा दिवस आठवा. सत्तावनचे बंड चालूच होते, त्या जानेवारीत लखनौ अजून इंग्रजांच्या हाती परत आले नव्हते. तीनच महिने आधी, १५ ऑक्टोबर १८५७ ला, इथल्याच एस्प्लनेड मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या मुंबई फौजेच्या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिले होते. त्या हवेत हिंदी शिपायाचे नाव भिंतीवर कोरायला कोण उठणार होते? हा माझा अंदाज आहे. लेखाचा मजकूर त्या हवेच्या आधी ठरला असेल, तर तो अंदाज बाजूला ठेवायला मी तयार आहे.

पण नावे कोरता येत नव्हती, हे मात्र मी मान्य करणार नाही. कारण कंपनी सरकारने ती कोरली होती. पुण्याजवळ कोरेगाव भीमाला १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ आहे, तुमच्या कोनशिलेच्या पंचवीसएक वर्षे आधीचा. त्यावर ४९ जणांची नावे आहेत. त्यांतली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. आणि लेख इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. आज त्या स्तंभापुढे दरवर्षी लाखो माणसे उभी राहतात. त्यामागे पुढच्या शंभर वर्षांचा सामाजिक इतिहास आहेच, पण सुरुवात दगडावरच्या नावांपासून झाली. नाव असले की दोनशे वर्षांनी का होईना, कोणीतरी येऊन म्हणते, हा आमचा.

तुमच्या खिडक्यांकडे मी याच नजरेने परत जातो. स्टेन्ड ग्लासची सगळी रीत मुळी अक्षर न येणाऱ्या माणसासाठी बसली. युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये शेतकऱ्याला नाव वाचता येत नसे, पण हातात किल्ल्या दिसल्या की तो येशूचा शिष्य पेत्र आहे, हे त्याला कळे. गरुड दिसला की योहान, ज्याच्या नावाने तुमचे चर्च आहे. आपल्याकडे विटेवर उभा, कर कटावर, एवढे दिसले की विठ्ठल कळतो, तसेच. खूण हेच नाव. वेदीच्या वरच्या प्रत्येक संताची ओळख बुडू नये म्हणून काच, शिसे, चांदी खर्ची पडली, आणि त्याच छताखाली ज्यांच्यासाठी इमारत उभी राहिली त्यांच्यातल्या बहुतेकांना ना नाव ना खूण. त्या शिपायाची खूण म्हणजे त्याच्या पलटणीचा नंबर. तेवढी तरी आपल्या हाती आहे.

म्हणून माझे मागणे असे. जुन्या लेखाला हात लावू नका. तो जसा आहे तसाच राहिला पाहिजे, त्यातल्या त्या कुप्रसिद्ध वाक्यासकट. वास्तू हेरिटेज यादीतली आहे, तेव्हा भिंतीला खिळा ठोकण्याचाही प्रश्न नको. जवळच एक सुटा लाकडी फळा उभा करा. त्यावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मूळ लेखाचा अर्थ आणि त्याखाली मुंबई फौजेच्या ज्या ज्या देशी पलटणी त्या सहा वर्षांत सिंध-अफगाणिस्तानात होत्या त्यांची नावे लिहा. वर मी आठवणीने पाच-सहा सांगितल्या, यादी मोठी होईल. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावचे केंद्र आहे, पूना हॉर्स आजही आहे, ग्रेनेडियर्स आहेत. त्यांना आपल्या पलटणींचा इतिहास तोंडपाठ असतो, एक पत्र गेले तरी मदत मिळेल. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथल्या लष्करी दप्तरांतून एखाद्या विद्यार्थ्याने चिकाटीने शोधले आणि दहा नावे जरी हाती लागली, तरी ती दहा नावे फळ्यावर चढवा. पुढे वीस होतील. फळ्याची खाली बरीच जागा मोकळी सोडा.

हिंदू-मुसलमान शिपायांची नावे उपासनेच्या जागी कशी, असे कोणी विचारेल. त्याला कावसजी जहांगीर दाखवा. पारशाचे साडेसात हजार चालले, तर खेडच्या शिपायाचे नाव का चालू नये? आणि तुमच्या मंडळीत मराठी आडनावांची माणसे आहेतच की. त्यांच्यातल्या काहींचे पणजोबा-खापरपणजोबा पलटणीतच असतील.

फळा झाला की त्याच लाकडावर, पाठीमागे, खिडक्यांचे वाचन लिहा. कुठल्या झरोक्यात कोण आहे, हातात काय आहे, कुठला रंग कशाने आला. दोन ओळी वेल्सच्या किराणा दुकानाच्या. मच्छीमार नगरातली पोरे शाळा सुटल्यावर आली तर त्यांना कोणी गाइड लागू नये.

काचेच्या तब्येतीचेही दोन शब्द. गेल्या काही वर्षांत चर्चच्या दुरुस्तीचे मोठे काम झाले, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. पण समुद्र जवळच आहे आणि तो सुट्टी घेत नाही. आडव्या सळ्या लोखंडी असतील तर गंजून फुगतात आणि पोरबंदरी दगडाला आतून चिरतात. उन्हाने शिसे मऊ पडून पत्रा पोट काढतो. बाहेरून संरक्षणाला प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा लावायचा मोह अनेक ठिकाणी होतो. हवा जायला जागा ठेवली नाही, तर मधली उष्णता काचेला शिजवते. पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा शिडी लावून, बोटाने हलकेच दाबून, कुठला तुकडा खुळखुळतो ते बघणारा एक माणूस असू द्या. खर्च फारसा नाही.

आणि एक लोभी मागणी. पश्चिमेची खिडकी संध्याकाळी पेटते. आठवड्यातून एक संध्याकाळ, सूर्य मावळेपर्यंत, दार ठरवून उघडे ठेवा आणि तसे बाहेर लिहून लावा. त्या वेळी १९०४ साली इंग्लंडमधल्या टेलरच्या घंटांच्या कारखान्यातून आलेल्या आठ घंटांपैकी एखादी वाजली तर सोन्याहून पिवळे, पण तो हट्ट नाही.

फळ्यावरची मराठी आणि हिंदी अक्षरे मी रंगवून देईन. देवनागरी बोरूने गिरवण्यात उभा जन्म गेला आहे, हात अजून स्थिर आहे. मजुरी नको. लाकूड मात्र सागाचेच घ्या आणि आधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर पहिल्याच पावसात शिरोरेषा वाकडी होते.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
(मूळ मुक्काम कॅम्प दापोली)